गच्चीवरचे ठिपके

कोल्हापुरातील एका गूळ-व्यापारी कुटुंबाच्या गच्चीवर तीसेक ऑर्किड आहेत. सासूबाईंनी ती बावीस वर्षांत जमवली. आरंभ झाला तो गगनबावड्याच्या वाटेवर वादळात मोडून पडलेल्या फांदीवरच्या सीतेच्या वेणीने. पुढे डेंड्रोबियम आली, व्हँडा आली, फॅलेनॉप्सिस आली आणि बंगळुरूच्या भावाने दिलेली एक कॅटलियाही आली. अर्ध्या गच्चीवर पारदर्शक पत्रा आहे, अर्धी उघडी. दुकान बंद झाले की दिवेलागणीला पाइप हाती घेऊन प्रत्येक झाडाला पानापानांवरून न्हाऊ घालणे, हा सासूबाईंचा नेम होता. त्यात कधी खंड पडला नाही.

गेल्या वैशाखात शेजाऱ्यांनी जांभळाचे झाड तोडले. पंधरवड्याच्या आत उघड्या बाजूच्या व्हँडांच्या पानांवर पांढुरके चट्टे उमटले आणि मग ते काळपट होऊन वाळले. थोरल्या काकांना व्यापारातला निर्णय झटपट घेण्याची सवय. त्यांनी औषधांच्या दुकानातून निळसर-हिरवी ताम्रयुक्त पूड आणली आणि एका सकाळी सगळ्या गच्चीवर फवारली. व्हँडाचे चट्टे होते तसेच राहिले. डेंड्रोबियमने मात्र पाने गाळायला सुरुवात केली. डेंड्रोबियमला तांबे सोसत नाही, ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नव्हती. विकणाऱ्यानेही झाड कोणते, हे विचारले नव्हते.

धाकटी सून दुकानाचे हिशेब पाहते. तिने एक कोरी चोपडी काढली आणि दर रविवारी झाडागणिक नोंद सुरू केली. डाग पानाच्या वरच्या बाजूला की खालच्या, जुन्या पानावर की नव्या, कोरडा की पाणचट, वास येतो का. डागाच्या कडेने ती पेनाने रेघ ओढून ठेवी आणि आठवड्याने पाही, डागाने रेघ ओलांडली का. या साध्या युक्तीने निम्मे काम झाले. व्हँडाचे चट्टे केवळ उन्हाकडच्या पृष्ठभागावर होते आणि एकाही चट्ट्याने रेघ ओलांडली नाही. दुपारी पानाला हात लावला तर ते तापलेले लागे. तो रोग नव्हताच; जांभळाची सावली गेली आणि पाने भाजली, इतकेच. ५० टक्के सावलीची जाळी बांधल्यावर नवे चट्टे आले नाहीत. जुने मात्र तसेच आहेत, कारण पानावरचा मेलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उपचार लागू पडला की नाही, हे जुन्या पानावर नव्हे, नव्या पानावर पाहायचे असते.

आषाढात खरा रोग आला. एका फॅलेनॉप्सिसच्या पानावर पाणी भरल्यासारखा डाग सकाळी दिसला. दुसऱ्या दिवशी अर्धे पान मऊ पडले आणि कुजका वास सुटला. हा जिवाणूंचा प्रताप. बुरशीनाशक येथे निरुपयोगी. पान त्याच दिवशी कापून झाड कोरडे ठेवले तरच आशा असते. सून त्या दिवशी माहेरी होती, आणि परतली तेव्हा कूज गाभ्यापर्यंत पोहोचलेली होती. ते झाड गेले.

इतर झाडांवर मात्र पानाच्या खालच्या बाजूने पिवळे ठिपके येत, मग वर उमटत, तपकिरी-काळे होऊन किंचित खोलगट बनत, आणि दर आठवड्याला रेघ ओलांडत. ही बुरशी होती. चातुर्मासात फवारणी करण्यास सासूबाईंचा विरोध होता, आणि एकदा हात पोळल्यामुळे काकाही गप्प होते. म्हणून आधी कात्री चालली: डागाच्या पलीकडे बोटभर निरोगी भागातून काप, प्रत्येक झाडानंतर पाते ज्योतीवर तापवणे, कापलेल्या कडेला दालचिनीची पूड. ही पूड मुळांना लावू नये. ती मुळे सुकवते. जी चार झाडे तरीही आवरेनात, त्यांनाच, हातमोजे व तोंडाला फडके बांधून, लिटरला २ ग्रॅम या मापाने मँकोझेब दिले.

दसऱ्यानंतर पाऊस थांबला. ठिपके थांबले नाहीत. चोपडीत एक गोष्ट लख्ख दिसत होती: नवे ठिपके पत्र्याखालच्या, दाटीने टांगलेल्या झाडांवरच होते. दिवेलागणीला दिलेले पाणी तेथे रात्रभर पानांवर राही, वारा लागत नसे, आणि बुरशीचे बीजाणू रुजायला ओले पानच लागते. कारण सापडले होते. ते सांगायचे कोणी, हा प्रश्न होता. बावीस वर्षांच्या मायेलाच रोगाचे मूळ म्हणणे सुनेच्या जिभेवर येईना. तिने दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी चोपडीच सासूबाईंच्या हाती दिली, हिशेब तपासायला द्यावा तशी. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपचा आवाज आला. पाणी मुळांशी पडत होते. त्याच आठवड्यात कुंड्यांमध्ये वीतभर अंतर पडले; ते कोणी पाडले, हे सुनेने विचारले नाही.

एकच प्रश्न उरला, कॅटलियाचा. तिच्या प्रत्येक नव्या पानावर त्याच काळसर, खोलगट रेषा येतात. ऊन, पाणी, औषध, काहीही बदलले तरी येतात. हा विषाणू असावा. तपासणीवाचून ते ठामपणे म्हणता येत नाही. असला तर त्याला औषध नाही आणि कात्रीला लागलेल्या रसातून तो शेजारच्या झाडात जातो. सुनेचे मत झाड काढून टाकावे असे. सासूबाईंचे उत्तर, ते भावाचे आहे. सध्या ती कुंडी जिन्याच्या वळणावर एकटी ठेवली आहे. तिची कात्री वेगळी, भांडे वेगळे. मार्गशीर्षात तिला एक कळी आली.