तोटी की पळी

पेन्सिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो. त्यात फक्त चकमकीवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुका चालतात. मी शिकार करत नाही. पण क्लबातल्या एका म्हाताऱ्याने तशी लांबलचक बंदूक एकदा हातात दिली आणि निशाणेबाजीचं वेड लागलं ते लागलंच. आजऱ्याच्या मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. लहानपणी तिला हात लावला म्हणून थप्पड बसली होती. ती उधारी बहुधा मनात कुठेतरी राहून गेली असावी.

माझ्या पन्नास कॅलिबरच्या नळीला ०.४९० इंच व्यासाची, शुद्ध शिशाची गोल गोळी लागते. ती विकतही मिळते. पण पाहुण्यांना बाजारची पुरणपोळी वाढणाऱ्या यजमानाकडे जसं बघतात, तसं क्लबात विकतच्या गोळीवाल्याकडे बघतात. म्हणून साचा घेतला, जुन्या छपरावरून निघालेला शिशाचा पत्रा मिळवला. नखाने ओरखडा उठतो इतका मऊ, म्हणजे शुद्धच. गाडीच्या चाकांची वजनं वितळवू नकोस, असं सगळ्यांनी बजावलं होतं. त्यात अँटिमनी असतं, शिसं कडक होतं आणि ठासताना छळतं. हल्ली तर त्यात जस्ताची वजनंही मिसळलेली असतात.

अडलं ते विजेच्या भांड्यापाशी. भांडी दोन जातींची. एकाला बुडाशी तोटी असते: दांडा उचलला की शिसं थेट खालच्या साच्यात. दुसरं नुसतं उघडं, पातेल्यासारखं. पळीने काढायचं आणि ओतायचं. तोटीवालं वीस पौंडांचं, रुबाबदार. मी मनाने त्याच्याच बाजूचा होतो.

आबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांची तीस वर्षं पोअरिंगवर गेली. चित्र दाखवलं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “तोटी बुडाला? आन् कचरा कुठं बसणार मग?”

मी म्हटलं, “आबा, शिसं इतकं जड की कचरा वर तरंगतो.”

“समदा तरंगत न्हाई लेका. भांड्याच्या अंगाला चिकटलेला खाली उतरतोय.”

एका मित्राने आपलं तोटीवालं भांडं आठवडाभर वापरायला दिलं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ओतायला आणखी साठ-सत्तर अंश चढवावे लागतात. पहिल्या वीसेक गोळ्या झकास निघाल्या. मग तोटीतून टप्. दांडा घट्ट दाबला. टप्. खाली ठेवलेल्या पत्र्यावर शिशाची एक छोटी चकचकीत पिंड उभी राहू लागली. तोटीच्या तोंडात राखेचा कण अडकला होता, त्यामुळे आतली सळई नीट बसत नव्हती. वाकवलेल्या तारेने टोकरलं की तेवढ्यापुरतं थांबायचं. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. ते काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

त्यात वीज. आमच्या गॅरेजला १२० व्होल्टची एकच १५ अँपिअरची लाइन. भांडं ७०० वॉटचं, आबांना थंडी वाजते म्हणून लावलेला हीटर १५०० वॉटचा. दोन्हींचे मिळून अठरा अँपिअर. ब्रेकर पडायचा आणि वितळलेलं शिसं डोळ्यांदेखत साय धरायचं. शेवटी हिशेब मांडला. माझी एक गोळी १७७ ग्रेनची, म्हणजे पौंडाला साधारण एकोणचाळीस. दहा पौंडांत पावणेचारशेवर गोळ्या. महिन्याला शंभर उडवणाऱ्या माणसाला वीस पौंडांचं भांडं म्हणजे दोघांच्या संसारात लग्नाचं पातेलं. कमी वॉटचं, उघडं, दहा पौंडांचं भांडं मागवलं.

मधल्या एका रविवारी आबांना फिलाडेल्फियाचा स्पार्क्स शॉट टॉवर दाखवून आणला. १८०८ सालचा, १४२ फूट उंच विटांचा मनोरा. वरून चाळणीतून वितळलेलं शिसं सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतात आणि खाली पाण्यात पडून थिजतात. आबांनी मान मागे टाकून बराच वेळ पाहिलं. “वर रोज शिसं चढवायचं काम कुणाच्या डोक्यावर हुतं?” एवढंच विचारलं.

शिसं पाण्यात पडलं तर नुसतं चुर्र होतं. पाणी शिशाखाली सापडलं तर काय होतं, ते मी पुढच्याच आठवड्यात पाहिलं. शिशाची एक लादी गॅरेजच्या पायरीवर राहिली होती. तिच्यावर हिमाचा पातळ पापुद्रा होता, तो मला दिसलाच नाही. चिमट्याने तशीच भांड्यात सोडली. फाट् असा आवाज झाला आणि चंदेरी थेंब छताला जाऊन चिकटले. चेहऱ्यावर ढाल, हातात चामडी मोजे, म्हणून निभावलं. कॉलरवर मात्र तांदळाएवढी तीन भोकं पडली. आबा त्या दिवशी चिडले ते खरे चिडले. “लादी कडेवर ठिऊन शेकवायची. पळीबी शेकवायची. थंड लोखंड मेटलात न्यायचं न्हाई, हे पोरगं बी सांगंल!”

तेव्हापासून लादी आधी भांड्याच्या कडेवर तापते. गॅरेजचं दार अर्धं उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने. इतक्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य. धोका असतो वरच्या करड्या राखेचा, जी बोटांवरून तोंडात जाते. म्हणून तिथे चहा बंद. यावर आबांनी दोन दिवस असहकार पुकारला होता. कपडे वेगळे, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेणं.

नव्या भांड्यावरची पहिली खेप आबांनीच ओतली. मेणाचा तुकडा टाकून ढवळलं, राख काढली, पळीच्या पाठीने पृष्ठभाग एकदा बाजूला सारला आणि खालून भरून घेतली. हात जराही थरथरला नाही. पहिल्या चार-पाच गोळ्यांना सुरकुत्या, साचा थंड होता. त्या परत भांड्यात. पुढच्या पंचवीस त्यांनी एकेक तळहातावर फिरवून पाहिल्या आणि नऊ बाजूला काढल्या.

मी त्या नऊ काट्यावर घातल्या. आठ दोन-तीन ग्रेनने हलक्या भरल्या, आत हवा राहिलेली. नववी बरोब्बर १७७.

“आबा, ही तर चांगलीय. का काढली?”

त्यांनी ती पुन्हा बोटांत फिरवली. “मला न्हाई आवडली,” म्हणाले आणि भांड्यात टाकली.