सैल नट

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या जुन्या मोटारीची पुढची चाके घरघरू लागली. बाबांनी आबिड्समधील घराच्या अंगणातच गाडी जॅकवर चढविली, मागच्या चाकांना दगड लावले, जुनी बेअरिंग काढून नव्यांत ग्रीस भरले. शेवटचा नट आवळण्याचे काम मजकडे आले. तो मी सर्व बळ लावून आवळला. "चाक फिरवून पाहिलेस ना?" या प्रश्नास मी बेधडक "हो" म्हटले.

मुसी ओलांडून चारमिनारपाशी पोहोचतो तोच चाकाच्या मध्याला हात लाववेना. चाक निवल्यावर बाबांनी नट किंचित सैल केला आणि नवी पिन घातली. "निमुळत्या रोलरांना फिरण्यापुरती मोकळीक लागते," एवढेच ते बोलले. चाक त्या क्षणी मोकळे झाले. माझे मन मात्र रात्री खरे सांगितल्यावरच मोकळे झाले.