वजनदार माणसाची मोटारसायकल

‘वजनदार माणूस’ हा शब्दप्रयोग मराठीत मोठ्या आदराचा आहे. समाजात ज्याच्या शब्दाला किंमत, तो वजनदार. गेली वीस वर्षे मी हे वर्गात शिकवीत आलो आहे. पण हे उदाहरण आले की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते. कारण समोर उभा असलेला शिक्षक १०८ किलोंचा असतो आणि त्यात लाक्षणिक असे काहीही नसते.

असा हा मी, वयाच्या ४६व्या वर्षी मोटारसायकल शिकायला निघालो, हे ऐकून तुम्हाला हसू आले असेल तर संकोच करू नका. आमच्या घरीही प्रथम हसूच आले होते.

आमच्या संसारात वाहन चालवण्याचे खाते पहिल्यापासून सौभाग्यवतीकडे. सकाळी ती मला कॉलेजवर सोडी आणि मग आपल्या बँकेत जाई. सतरा वर्षे मी तिच्या स्कूटरवर मागे बसलो. कविता पाठ व्हावी तशी तिच्या हेल्मेटची मागची बाजू मला पाठ झाली होती. शेजारीपाजारी गमतीने म्हणत, ‘वहिनी, जपून हो, बोजा मोठा आहे!’ ती हसे. मीही हसे. लठ्ठ माणसाला हसण्याचा सराव लवकर करावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी चहाचे पातेले उचलताना तिच्या तोंडून ‘आई गं’ असा उद्गार निघाला आणि पातेले ओट्यावर आदळले. डॉक्टरांनी खांदा वर-खाली करून पाहिला आणि विचारले, “रोज काही ओझं उचलता का?” ती म्हणाली, “नाही हो.” डॉक्टरांनी पुन्हा विचारले, “स्कूटर चालवता ना? मागे कुणी बसतं का?”

त्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. ती एवढी जपून दुसरीकडे पाहत होती की मला त्या खुर्चीत बसवेना. निदान काही महिने खांद्यावरचा ताण कमी करा, असे सांगून डॉक्टरांनी औषधे लिहून दिली. औषधाच्या त्या चिठ्ठीत माझे नाव नव्हते एवढेच.

तुम्ही म्हणाल, मग स्कूटरच का नाही शिकलात? तिचीच घेऊन पाहिली होती. पुढे बसलो तर गुडघे समोरच्या पत्र्याला टेकत आणि हँडल वळवू गेले की ते गुडघ्यालाच अडे. बसचे म्हणाल, तर कॉलेज १४ किलोमीटरवर, दोन बसगाड्या बदलायच्या आणि पहिला तास ७ वाजून २० मिनिटांनी. उरली मोटारसायकल.

पण मोटारसायकल म्हटली की माझ्या पोटात गोळा येई, आणि त्याचे कारण जुने आहे. मी चौदा वर्षांचा असताना काकांच्या लूनावर आम्ही सारी भावंडे शिकणार होतो. एकेकाची पाळी झाली. माझी आली तेव्हा काका म्हणाले, “तू राहू दे रे बाबा, लूना खाली बसेल!” अंगणात हशा पिकला. सर्वांत मोठ्याने मी हसलो. त्यानंतर बत्तीस वर्षांत मी कोणत्याही वाहनाच्या हँडलला हात लावला नाही. लोकांना सांगताना मात्र, ‘आपल्याला वाहनांची आवडच नाही’ असे सांगत आलो.

असो. एका दुकानात गेलो. विक्रेत्या तरुणाने मला नखशिखान्त न्याहाळले आणि थेट साडेतीनशे सीसीच्या एका धिप्पाड गाडीपाशी नेले. “सर, तुमच्या पर्सनॅलिटीला हीच शोभते.” मोठ्या माणसाला मोठी गाडी, हे गणित मलाही पटले. चिरंजीव बरोबर होते. त्याने क्लच, गियर, ब्रेक समजावून सांगितले. दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी दहा-बारा पावले गाडी नेली. मग वळवायला गेलो. वेग जवळजवळ नव्हताच. गाडी किंचित कलली, मी पाय टेकला, पण कललेले ते धूड माझ्याने सावरेना. गाडी सावकाश, एखाद्या थोर पुरुषाने निद्राधीन व्हावे तशी आडवी झाली, आणि तिच्याशेजारी मी. लागले काही नाही. पण उठताना मला काकांच्या अंगणातले हसू ऐकू आले. नुकसान भरून दिले आणि घरी आलो.

दोन दिवस मी या विषयावर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी हाक मारली. चिरंजीवांनी चहाडी केली होती. मिस्त्री म्हणाले, “सर, चूक तुमची नाही, गाडीची पण नाही. जोडी चुकली. पत्रिका न बघता लग्न लावलंत तुम्ही.”

मग त्यांनी ती पत्रिका मांडून दाखवली, ती अशी. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. धावताना हे वजन जाणवत नाही, उलट गाडी रस्त्याला धरून राहते. पण शिकाऊ माणूस धावत नसतो. तो थांबतो, वळतो, गल्लीत मागे घेतो, आणि त्या वेळी सारा भार त्याच्या एका पायावर येतो. दुसऱ्या टोकाला हीरोची स्प्लेंडर, ११२ किलोंच्या आसपास. म्हणजे माझ्या बरोबरीचीच! मी त्यांची स्प्लेंडर चालवून पाहिली. सांभाळायला सोपी खरी. पण मी बसताच मागच्या स्प्रिंगा दबल्या, पहिल्याच गतिरोधकावर खालून दणका बसला, आणि मी जरा हललो की गाडीही हले. गुडघे तर कोपरांशी गुजगोष्टी करू लागले.

“म्हणजे माझ्यासाठी गाडीच नाही,” मी म्हणालो.

“आहे की. मधली बघा,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी सांगितलेल्या कसोट्या मी वहीत उतरवून घेतल्या. माझ्यासारखे आणखी कुणी असतील, त्यांच्या उपयोगी पडाव्यात. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतात का ते पाहावे. नुसते चवडे टेकून भागत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवावे आणि ते गुडघ्याला किंवा पोटाला लागत नाही ना, याची खात्री करावी. (पोटाचा उल्लेख मिस्त्रींनी फार हळू आवाजात केला.) आपला बूट गियरच्या दांडीखाली सहज शिरतो का ते पाहावे; माझा पाय अकरा नंबरचा आहे. खाली उतरून गाडी हाताने चार पावले मागे ढकलून पाहावी. ती ढकलता आली तरच ती आपली. मागचे शॉकअप कडक करता येतात का ते विचारावे, नि ते आपल्या वजनाला बसवून घ्यावेत. मागच्या चाकात हवा किती भरायची, तेही पुस्तिकेत पाहून ठरवावे. सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. घाबरून ब्रेक करकचून दाबला तरी ते चाक जागच्या जागी अडकू देत नाही, आणि नवशिका घाबरतोच. शेवटची कसोटी म्हणजे, पहिली गाडी जुनीच घ्यावी. कारण ती पडणार.

या साऱ्या कसोट्यांना उतरली एक जुनी होंडा युनिकॉर्न. १६३ सीसीच्या आतबाहेर, वजन १४० किलोंच्या जवळपास. मिस्त्रींनी तिला लोखंडी क्रॅश गार्ड बसवला, शॉकअप कडक केले, आणि मग पुस्तिकेतले एक पान माझ्यापुढे धरले. त्यात गाडीने वाहायच्या भाराची मर्यादा होती. “ही एकट्याची नाही सर. चालवणारा, मागचा माणूस, सामान, सगळ्यांची मिळून असते. तुमच्या एकट्यातच बरीचशी संपते. डबलसीट नको.”

मी ते पान बराच वेळ पाहत राहिलो. स्कूटरच्याही पुस्तिकेत असे पान असणारच. सतरा वर्षांत मी ते कधी उघडले नव्हते. ग्रंथांवर पोट भरणाऱ्या माणसाने एवढे एक पुस्तक वाचायचे टाळले होते.

मग शिकाऊ परवाना आला. चाळिशी उलटलेल्याला त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, तेही घेतले. हा परवाना सहा महिने चालतो, आणि पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. पुढे-मागे तांबडा ‘एल’ लावून रोज पहाटे मैदानावर धडे सुरू झाले. मास्तर चिरंजीव. “बाबा, क्लच एकदम सोडू नका. हाफ क्लच! अहो बाबा, खाली चाकाकडे नका बघू, जिथं जायचंय तिथं बघा!” मी विद्यार्थ्यांवर इतक्या संयमाने कधी ओरडलो नसेन. चारदा पडलो. गार्डाने गाडी वाचवली, आणि गाडी हलकी असल्यामुळे प्रत्येक वेळी मीच ती उचलली. ही स्वतः उचलण्याची गोष्ट लहान नाही.

परीक्षेत आठच्या आकड्यावरून गाडी न्यायची होती, पाय न टेकता. तो आठ इंग्रजी! आपला मराठी ८ असता तर एकच वळण घेऊन मोकळा झालो असतो. पण इंग्रजी आठाला सुटका नाही, जिथून निघावे तिथेच परत यावे लागते. समोर बघत, क्लच अर्धा दाबून, श्वास रोखून मी तो गिरवला. साहेबांनी मान डोलावली. मला काकांची आठवण झाली. पण या वेळी त्या अंगणात कुणी हसत नव्हते.

दुसऱ्या सोमवारी आम्ही दोघे घरून एकदम निघालो. तिचा खांदा आता बराच सुधारला होता. ती पुढे स्कूटरवर एकटी, मागून मी. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला आणि मी तिच्या शेजारी जाऊन थांबलो. दोन्ही तळवे जमिनीवर पुरते टेकलेले. सहज वळून पाहिले, तर हेल्मेटच्या काचेतून तिचा चेहरा दिसला. सतरा वर्षांत वाहन चालवतानाचा तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. ती रस्त्यावर असताना कपाळाला बारीकशी आठी घालते, हे मला त्या दिवशी कळले.

तिने काच वर केली. मला वाटले, आता ती काहीतरी हळवे बोलणार.

“अहो,” ती म्हणाली, “तो इंडिकेटर बंद करा आधी. घरापासून डावीकडे वळताय तुम्ही!”