हापूसचा तोरा

कोकणातल्या हेदवीसारख्या गावात कपड्यालत्त्याचा तोरा फारसा चालत नाही. आंब्याचा चालतो, आणि तो लोक उघड कबूल करतात. हापूस तोच आंबा, बाकी सगळी फळं. हा अभिमान मला निम्मा पटतो. हापूसचा वास आणि बिनरेषांचा घट्ट गर खरोखर वरचढ आहे. 2018 साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. पण त्यापायी रायवळाला, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याला, हलकं लेखणं मला मान्य नाही. हापूसचं कलम बांधतात तेच मुळी रायवळाच्या कोयीतून उगवलेल्या रोपावर. शिवाय हापूसमध्ये साका, म्हणजे खराब झालेला स्पंजासारखा गर, निघतो; हापूसचा नीलमशी संकर करून काढलेल्या ‘रत्ना’त तो नसतो.

कुणी म्हणेल, रायवळाचा भरवसा काय? एक झाड गोड, शेजारचं आंबट. खरं आहे, कोयीपासून वाढलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं. पण म्हणूनच ती चव ओळखायला अधिक तयार जीभ लागते. हापूस काय, पेटीवरच्या नावानेही ओळखता येतो. चोखायला, रायत्याला तर रायवळच हवा. बाजारात त्याला भाव नाही हे मान्य, तरी भाव म्हणजे चव नव्हे. रायवळाचं जुनं झाड तोडण्याआधी त्याच्या काड्या घेऊन कलमं बांधली नाहीत, तर ती चव कायमची जाते.