रिकाम्या मैफलीतील ‘आहे’

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, अरुणावतीकाठचे शिरपूर हे स्मिता पाटीलच्या घराण्याचे गाव. शिवाजीराव पाटील यांची ही मुलगी पुण्यात जन्मली, मुंबईत नावारूपाला आली. शिरपूरला ती माहेरवाशिणीसारखी: हक्काची, पण दुरूनच पाहिलेली. तिच्या नावाशी जडलेल्या सर्वांत उदास गाण्यातही तिचा आवाज नाही. ‘उंबरठा’ (१९८२) मधील ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ या गझलेचे शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, स्वर लता मंगेशकरांचा. स्मिताचा तेवढा चेहरा.

जब्बार पटेल, हृदयनाथ आणि स्मिता ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) एकत्र आले होते. तिथे महानोरांच्या शब्दांना ठाकरवाडीच्या ढोलाचा आधार होता. गाणे समूहाचे होते. पाच वर्षांनी याच मंडळींच्या हाती एकटीचे गाणे आले.

या गाण्यावर एक आक्षेप घेता येतो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीतून पडद्यावर आलेली सुलभा महाजन नवरा, मुलगी, सासर मागे ठेवून महिलाश्रमाच्या कामासाठी बाहेर पडते. गझल मात्र तिला पुन्हा प्रियकराच्या आठवणीत नेऊन बसवते. चित्रपटापासून सुटे होऊन ती रेडिओवर लागली, की आश्रमातल्या बायका, सुलभेचे काम, तिचा निर्णय सारे गळून पडते. उरते ती विरहिणी. पटकथेने ओलांडलेला उंबरठा गाण्याने परत बांधला काय?

उत्तर रदीफात सापडते. मैफल सुनी, समोर कोणी नाही. तरी प्रत्येक शेर ‘आहे’ या क्रियापदावर येऊन थांबतो. ‘होते’ असते तर हे निव्वळ स्मरणगीत झाले असते. ‘आहे’मुळे अभाव वर्तमानात राहतो, आणि तो उच्चारणारी स्त्रीही. ‘लगालगागा’ची चार आवर्तने शोकाला शिस्तीत चालवतात, हुंदक्याला मोकळीक देत नाहीत. घर सोडणारीने मागचे काही आठवूच नये, ही अपेक्षाही तिच्यावर जुलूमच करते. सुलभेला आठवते, आणि तरीही अखेरीस ती पुन्हा घराबाहेर पडते. एकाकीपण ही तिच्या निर्णयाची किंमत. गझल ती लपवत नाही.

१३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी स्मिता गेली. भट २००३ मध्ये, लता मंगेशकर २०२२ मध्ये गेल्या. मैफल खरोखरच सुनी होत गेली. क्रियापद तेवढे वर्तमानकाळात राहिले.