मुरलं की बसेल

गिऱ्हाईक म्हणालं, "दिवाळीच्या पहाटेचा वास हवा." मला हसू आलं. बंबातलं पाणी, उटणं, न्हाणीघरात कोंडलेला धूर, हे सगळं मी लहानपणी फुकट हुंगलं होतं.

धुरासाठी बर्च टार आणलं. भूर्जाची साल बंद भांड्यात तापवून ते काढतात. सुगंधात शुद्ध केलेलंच चालतं. कच्च्यात घातक घटक असतात. बर्च टारमधलं ग्वायकॉल लाकडाच्या धुरातही असतं, म्हणून नाकाला थेट चूल आठवते. पण टार इतकं जहाल, की मी त्याचं दहा टक्क्यांचं द्रावण करून ठेवत असे.

नमुना झकास जमला. वहीत लिहिलं, 'बर्च टार: हजारात 10 भाग.' द्रावणाचे, हे लिहिलं नाही. मला ठाऊक होतंच की!

चार महिन्यांनी पाच किलोची ऑर्डर आली. वही उघडली, मूळ बाटली उचलली आणि 50 ग्रॅम तोलून ओतलं. हवं होतं 5. पहिला भपकारा आला तेव्हा हात थांबला होता, हे खरं. पण सकाळपासून हुंगून नाक बधिर झालेलं, गाडी दारात उभी. म्हटलं, मुरलं की बसेल.

तिसऱ्या दिवशी फोन आला. गिऱ्हाईक सभ्य होतं. "साहेब, हा दिवाळीच्या पहाटेचा वास नाही. दुसऱ्या दिवशी झाडू मारतात ना, त्याचा आहे."

आगाऊ घेतलेले पैसे परत केले. मालात अस्सल चंदनतेल होतं, ते गेलं. माल वाचवायचा, तर धूर वगळून आणखी पंचेचाळीस किलो मिश्रण करायला हवं होतं. पन्नास किलो दिवाळी घेणार कोण? गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही. महिनाभर शर्टांना वास राहिला. आई रोज विचारायची, "काय करपलं रे?" धुरकट आणि करपट हे दोन वेगळे शब्द आहेत, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे एकदा उटण्याची पुडी फोडली आणि नागरमोथ्यापाशी अडखळलो. मातकट, लाकडी, मागे हलकासा धूर. त्याचं तेल माझ्याच फळीवर होतं, तेही त्या बर्च टारच्या शेजारी.

तो पाच किलोचा कॅन अजून माळ्यावर आहे. दर दिवाळीला झाकण उघडून बघतो. अजून बसलेलं नाही.