जाळीचं कपाट आणि त्याचे सोबती

वाड्यातल्या घरांत सामान थोडं, पण प्रत्येक वस्तूला तिचं नेमून दिलेलं काम. फडताळात औषधांच्या बाटल्या आणि काडेपेटी, कोनाड्यात पणती, खुंटीला उपरणं, ओसरीवर हिशेबाचं बुटकं डेस्क, माजघरात पेटारा आणि स्वयंपाकघरात जाळीचं कपाट. वाईच्या आजोळी मी हे सगळं वापरात असताना पाहिलं. त्यामुळे आज कुणी जुन्या वस्तू घ्यायला निघालं आणि मला सोबत चल म्हणालं, की मी आधी एकच विचारते: यात ठेवणार काय?

ते जाळीचं कपाट अजून डोळ्यांपुढे जसंच्या तसं आहे. सागवानी चौकट, तिन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी, आत तीन फळ्या. चारही पाय चिनी मातीच्या चार वाट्यांत उभे आणि वाट्यांत पाणी, म्हणजे मुंग्या वर चढायच्या नाहीत. ते पाणी बदलायचं काम आम्हा मुलांकडे. एकाने कपाटाचा कोपरा किंचित उचलायचा आणि दुसऱ्याने वाटी काढून घ्यायची. वरच्या फळीवर दुधाचं पातेलं आणि सायीचं विरजण, मधल्या फळीवर दही-लोणी, खाली सकाळची उरलेली भाजी. वारा आतून खेळायचा, त्यामुळे अन्न कोंदट व्हायचं नाही. मांजर बाहेर बसून नुसतं बघत राहायचं. शेजारी भिंतीला टेकून लोणच्याच्या बरण्या, वर तपकिरी आणि खाली पांढऱ्या, तोंडाला दादरा बांधलेल्या. त्यांना हात लावायची परवानगी फक्त आजीला, तीही आंघोळ झाल्यावर.

फ्रीज आला आणि कपाट माळ्यावर गेलं. पुढे वाड्याच्या वाटण्या झाल्या. कुणी झोपाळा नेला, कुणी घंगाळ आणि बंब. मी कपाट मागितलं तेव्हा मामी म्हणाली, "अगं, ते कशाला? चांगली शिसवी खुर्ची आहे, ती ने की." खुर्ची खरंच देखणी होती. पण ती दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी ठेवलेली, तिच्यावर आम्ही कधी बसलोच नव्हतो. कपाट मात्र दिवसातून पन्नासदा उघडलं जायचं. त्याच्या दाराची कड आजीच्या हाताने गुळगुळीत झाली होती. माझा जीव त्या कडेत अडकला होता.

आजीचा पेटारा आईकडे आला. सागवानीच, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, पुढे जाड कोयंडा. झाकण उचललं की डाव्या अंगाला एक अरुंद कप्पा. त्याच्या तळाची फळी एका ठरावीक जागी दाबली की सरकायची आणि खाली चोरखण. त्यात दागिने असावेत अशी आमची खात्री होती. असायची ती आजोबांची जुनी पत्रं आणि एक रुप्याचा करंडा. वरच्या भागात नऊवारी लुगडी, मलमलीत गुंडाळलेली पैठणी आणि मध्ये मध्ये वेखंडाचे तुकडे. दिवाळीच्या आदल्या दिवशी आजी पेटारा उघडायची तेव्हा वेखंड, जुनं रेशीम आणि सागवान असा मिळून एक वास माजघरभर पसरायचा. आमच्या घरी दिवाळी त्या वासाने सुरू व्हायची, उटण्याचा वास त्याच्या मागून.

आता हीच माणसांनी टाकलेली सामग्री बाजारात मानाने परत आली आहे. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे बिजागऱ्या, कड्या, पितळी मुठी आणि कंदील ढिगाने दिसतात. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आहे आणि मोठं लाकडी सामान हवं असेल तर ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार. या गल्ल्यांतून फिरताना मला हरखून जायला होतं आणि थोडं वाईटही वाटतं. प्रत्येक कपाटामागे एक मोडलेलं घर असतं. म्हणूनच ते दुसऱ्या घरात जाऊन पुन्हा भरलं जावं असं मला मनापासून वाटतं.

खरं जुनं आणि नव्याने जुनं केलेलं यातला फरक मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवला. ते म्हणायचे, "ताई, पुढून सगळीच कपाटं देखणी. खण बाहेर काढा आणि उलटा करा." खणाच्या कोपऱ्यांत दोन फळ्या एकमेकींत अडकवणारे दात असतात, टोकाकडे रुंद होत गेलेले. हाताने पटाशी चालवलेली असेल तर ते दात सारखे नसतात. एक जाड, एक बारीक, कुठे आखणीची रेघ तशीच राहिलेली. यंत्राने कापलेले दात सगळे एका मापाचे. खणाच्या तळाला आणि कपाटाच्या पाठीला जुने सुतार पॉलिश करत नसत, तिथे उघडं लाकूड दिसतं. वर्षानुवर्षं ओढून खणाच्या खालच्या कडा झिजलेल्या असतात. पुढून गडद काळपट आणि आतून कोरं फिकट लाकूड दिसलं, कडा कुठेही झिजलेल्या नसल्या, तर गडी नवा आहे असं समजावं. आणि कपाटाखालची जमीन बघावी. तिथे पिठासारखी ताजी भुकटी पडली असेल तर किडा आत जिवंत आहे. नुसती जुनी भोकं असतील तर घाबरायचं कारण नाही.

मिस्त्रींचा दुसरा आग्रह असा की तासून काढायचं नाही. लाकडावर साठलेला काळा थर बघून लोक लगेच रंधा मारायला सांगतात आणि शंभर वर्षांचा रंग तासाभरात भुशात जातो. ओल्या फडक्याने धूळ पुसावी, वाळू द्यावं, मग मऊ कापडाने जवसाचं तेल हलक्या हाताने चोळावं. अगदीच गरज पडली तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत. कोकणातल्या फणसाच्या लाकडाचं तर असं, की नवं असताना ते पिवळंधमक असतं आणि वयाबरोबर तांबूस तपकिरी होत जातं. तो रंग कुठल्या डब्यात मिळत नाही.

या वस्तूंवर जीव कसा लावावा हे बघायचं असेल तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघावं. 1896 साली जन्मलेल्या दिनकर केळकरांनी, म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या कवीने, गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, स्वयंपाकाची भांडी गोळा केली. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. राजवाड्यातल्या वस्तूंइतक्याच मायेने तिथे घरातल्या बायकांच्या हातातल्या वस्तू मांडल्या आहेत, हे मला फार मोठं वाटतं.

इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्यांबद्दलही असंच प्रेम आहे. वाफेवर बीचचं लाकूड वाकवून खुर्ची करायची ही करामत व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याची. त्यांची 14 नंबरची खुर्ची 1859ची. ती सुट्ट्या भागांत जहाजाने जाई आणि पोचल्यावर स्क्रूने जोडली जाई. अशी खुर्ची घेताना बसकेच्या खालची कड बोटाने चाचपावी, कारखान्याचा छाप बहुधा तिथे असतो.

शंभर वर्षांवरच्या कलावस्तू 1972च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या लेकीसाठी काही घ्यायचं मनात असेल तर आधी हे बघावं. आमच्यासारख्यांच्या घरातलं सामान बहुतेक त्याहून तरुणच असतं. गोदरेजची लोखंडी कपाटं 1923 पासूनची. हिरवट-करडं, आरसा लावलेलं, दांडा फिरवला की खट्ट आवाज करणारं ते कपाट कित्येक मुलींच्या लग्नात सासरी गेलं. लोक ती भंगारात देतात तेव्हा मला राहवत नाही. दार जड असेल आणि आतला चोरकप्पा शाबूत असेल तर ते कपाट जरूर ठेवावं.

घेण्याआधी आपल्या घराचं दार आणि सोसायटीची लिफ्ट मोजावी. वाड्याच्या उंचीसाठी केलेलं कपाट फ्लॅटमध्ये शिरत नाही असं वाटून लोक परत फिरतात. पण पुष्कळ जुनी कपाटं पाचरींवर जोडलेली असतात. पाचर ठोकून काढली की चौकट, दारं आणि फळ्या वेगळ्या होतात. मिस्त्री सोबत असेल तर तिसऱ्या मजल्यावरही ती जिन्याने जातात. माझं जाळीचं कपाट असंच वर आलं. जाळी दोन ठिकाणी फाटली होती, तेवढीच नवी बसवली. वाट्या मात्र मूळच्याच. या वर्षी वरच्या फळीवर चकलीचा डबा, मधल्या फळीवर करंज्या आणि अनारसे आणि सगळ्यात खाली, मुलांच्या हाताला येईल असा, चिवडा.